गुलाबरावांचं फाटक

गुलाबराव फाटकवाल्यांची उभी हयात लोकांना अडवण्यात गेली. पिंपळगाव राजा गावाला जाणारा रस्ता जिनिंग कारखान्याचं साईडिंग, म्हणजे कापूस नेणाऱ्या मालगाडीचे रूळ, ओलांडायचा तिथे त्यांची चौकी. मालगाडी यायच्या कितीतरी आधी ते फाटक लावत. लोक शिव्या देत थांबत आणि थांबले की रांजणातलं पाणी पिऊन गप्पा ठोकत. फाटक उघडेपर्यंत एखादी सोयरीकही जमून जाई.

महाराष्ट्र झाला, आणि काही वर्षांत कापूस ट्रकने जाऊ लागला. रूळ उचलले, फाटक भंगारात गेलं आणि गुलाबराव पेन्शनीत. पडीक जमीन नगरपालिकेने घेतली. तिथे भाजीबाजार, बाग, झाडांखाली बाकं, पायी चालायला रस्ता असं सगळं माणसांसाठी होणार होतं. नकाशात चौकी तेवढी नव्हती. गुलाबराव तरी रोज जाऊन रांजण भरत. चौकी पडली तर या गावात आपण कोण, याची त्यांना भीती वाटे.

बाजाराच्या दिवशी नगराध्यक्ष वामनराव पाहणीला आले.

"गुलाबराव, आता कोण थांबते इथं? पाडू द्या."

तेवढ्यात पुंजाजीची बैलगाडी आली आणि बैल फाटकाच्या जागी आपसूक उभे राहिले. गुलाबराव त्यांच्या तोंडावरून हात फिरवायला पुढे झाले. मागच्या गाड्याही खोळंबल्या, माणसं उतरून रांजणाभोवती जमली.

"इथं काऊन थांबला बे?" वामनरावांनी विचारलं.

"मी कुठं थांबलो जी? बैल थांबले. त्यायले सवय हाये फाटकाची."

वामनराव हसले, पाणी प्यायले, तिथंच नळाच्या तक्रारी ऐकत बसले. जाताना म्हणाले, "राहू द्या चौकी."

घरी पुष्पाबाईंनी नवऱ्याच्या खिशातून सांडलेली सरकी पाहिली.

"रूळ उखडल्यापासून बैलायले चारून राह्यले ना तुम्ही? म्हणून म्हशीले पुरत नाही!"

"हाव," गुलाबराव पुटपुटले. "सवय कायची, लालूच हाये ते."

पुढच्या बाजाराला सरकीचा डबा कुलपात होता. गुलाबराव रिकाम्या हातांनी चौकीच्या दारात उभे राहिले. पुंजाजीचे बैल आले, त्यांनी हात हुंगला आणि चालू लागले.

"हो, हो!" पुंजाजीने कासरा ओढला. बैल नेटाने थांबवले, गाडीतून उडी मारली आणि रांजणाकडे येत म्हणाला,

"फाटक उघडाले टाइम हाये ना, गुलाबभाऊ?"