आवाज दबून राहिला

रुपरावांना मी निवांत बसलेलं फारसं पाहिलं नाही. जेवायला बसत, तेही एक पाय मोडून आणि दुसरा उभा ठेवून, म्हणजे उठायला सोपं. कापडगिरणीत पाळीभर मागांच्या रांगांतून फिरून आलेला माणूस घरी येऊन आडवा होईल, तर ते नाही. चहा घशाखाली गेला की निघाले. आणि सत्याहत्तर सालच्या पावसाळ्याअखेरीस ते निघाले की मलाही घेऊन निघत, कारण शेजाऱ्यांत सायकल माझी होती आणि शाळामास्तर असल्यामुळे दुकानदाराशी बोलायची अक्कल मला आहे, असा त्यांचा समज होता.

"चला जी मास्तर," दारात उभं राहून म्हणत. "सीताबर्डीवर आणखी एक दुकान निघालं म्हणते."

शोध चालला होता रेकॉर्ड प्लेअरचा. जुनी शुक्रवारी या आमच्या मोहल्ल्यातल्या ओळीत तेव्हा एकाही घरी तो नव्हता. रुपरावांना हवा होता तो बायकोपायी. कांताबाई दर वर्षी भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मोहल्ल्यातल्या पोरी जमवून भुलाबाईची गाणी म्हणत. त्यांचा आवाज खडा, गोड आणि थोडा खट्याळ. कुण्या हौशी कंपनीवाल्याने त्यांना आणि आणखी चौघींना बोलावून एक छोटी तबकडी काढली. ती कंपनी पुढे कुठे गडप झाली देव जाणे, पण तबकडी घरात आली. एका लग्नात ती भोंग्यावर वाजली, तेव्हा रुपराव नेमके पाळीवर. म्हणजे अख्ख्या मोहल्ल्याने ऐकली आणि नवऱ्याने नाही. हे त्यांना फार लागलं होतं. येत्या कोजागिरीला नरखेडकडून त्यांचे थोरले भाऊ आणि गोपिकावहिनी येणार होते. त्यांच्यासमोर ती वाजवायची आणि आपण डोळे भरून, कान भरून ऐकायची, एवढंच त्यांना हवं होतं.

"मी का मेली का?" कांताबाई म्हणत. "घरीच तर आहो. म्हणून दाखवू का?"

"तुयं रोजचंच आहे. मले तबकडीतलं आयकाचं आहे."

खरं म्हणजे खिशाला परवडणारी सोय घरातच होती. बिनस्पीकरचा प्लेअर स्वस्त मिळे; त्याची वायर रेडिओच्या पाठीमागे खोचली की रेडिओच गायला लागतो. मी हेच सुचवलं. रुपरावांनी हात झटकला. "त्या रेडिओत जीव नाही उरला जी. वाल्व गेला त्याचा." आता त्यांच्या रेडिओवरच्या बातम्या मला माझ्या मोरीत, अंगावर पाणी घेताना, अक्षर न् अक्षर ऐकू येत. पण या माणसाशी वाद घालणार कोण?

मग दुकानं सुरू झाली. पहिल्या ठिकाणी पेटीसारखं झाकण असलेला, बॅटरीवर चालणारा प्लेअर होता. दुकानदाराने नाच-गाण्याची एक रेकॉर्ड लावली. रुपराव कान तिरका करून उभे राहिले आणि म्हणाले, "आवाज दबून राहिला." दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्यात दुकानदाराने बटन शेवटपर्यंत फिरवलं, तेव्हा शेजारच्या भांड्याच्या दुकानातून माणूस बघायला आला.

"काकाजी, याच्यावर बटन जात नाही जी."

"बाई पुटपुटून राहिली," रुपराव म्हणाले. "गाते कुठं ती?"

मी शरमेने मेलो. बाहेर येऊन त्यांच्यावर उखडलो, की स्वस्तातल्या डब्यात तुम्हाला अख्खा तमाशाचा फड हवा आहे काय? त्यांनी माझ्याकडे नीट पाहून ऐकून घेतलं, हसले, आणि चौथ्या दुकानाकडे वळले. तो महिना माझा असा गेला. शाळेतल्या वह्या तशाच पडून राहिल्या आणि बायको माहेरी निघून जायची भाषा करू लागली.

शेवटी कोजागिरी तोंडावर आली तेव्हा एका दुकानदाराने माझ्या शब्दावर एक प्लेअर घरी नेऊन बघायला दिला. रुपरावांच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. कांताबाईंनी पदराने तबकडी पुसली. सुई टेकली आणि त्यांचा आवाज खोलीभर झाला, असा स्वच्छ की माझी बायको चटकन "अगं बाई" म्हणाली. रुपराव मात्र खाली वाकले. सुई उचलली, टेकवली. वायर हलवली. पेटी भिंतीपासून पुढे ओढली, परत मागे सारली.

"दबलाच आहे," ते कोणाकडेही न पाहता म्हणाले. "यालेही वापस नेऊन द्या मास्तर."

कांताबाई त्यांच्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी प्लेअर बंद केला आणि हलकेच म्हटलं, "अहो." रुपराव सुईवर फुंकर मारत होते. "अहो, आयकलं का?" काही नाही. तेव्हा कांताबाईंनी जे केलं ते मी तोवर कुठल्याही घरात पाहिलं नव्हतं. जिने लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव ओठांवर आणलं नव्हतं, ती बाई भर खोलीत, शेजाऱ्यांदेखत मोठ्याने म्हणाली, "रुपराव."

माझ्या बायकोने तोंडावर हात ठेवला. रुपराव सुई न्याहाळत राहिले.

आम्हाला हे आधी कळलं कसं नाही? कारण गिरणीत विणकाम खात्यात कोणी आवाजाने बोलतच नसे. मागांच्या खडखडाटात स्वतःचं ओरडणं स्वतःला ऐकू येत नाही. तिथे माणसं समोर उभी राहून ओठ हलवतात आणि समोरचा ओठ वाचतो. रुपरावांनी उमर त्यात काढलेली. कांताबाई विणकराचीच लेक, त्यांनाही समोर येऊन, तोंड उघडून बोलायची सवय. त्या घरात पाठीमागून हाक मारायची पद्धतच नव्हती. कान कधी गेले ते ना त्यांना समजलं, ना घराला. प्लेअरला ओठ नव्हते, एवढंच.

कांताबाई पुढे आल्या आणि आवाज न काढता ओठांनी काहीतरी म्हणाल्या. रुपरावांनी तसंच उत्तर दिलं. मग ते ताडकन उठून बाहेर पडले. मी मागे धावलो. मोहल्ल्याजवळच्या शुक्रवारी तलावाच्या काठाने ते अशा वेगाने चालले होते की बोलायचं तर मला पुढे जाऊन उलटं चालावं लागत होतं.

"मले गिरणीत सगळं आयकू येते," ते म्हणाले.

"तिथं तुम्ही पाहता, रुपराव."

ते थबकले. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, आणि मला त्यांचा फार कळवळा आला.

कानाच्या डॉक्टरने लपवलं नाही. नस मेली आहे, उरलंय तेही जाईल म्हणाला. दवाखान्यातून निघाल्यावर मला वाटलं, आता संपला प्लेअरचा नाद. तर रुपराव थेट लकडगंजात घेऊन गेले. तिथे मोडीच्या एका दुकानात सागवानी पेटीचा जुना, जड प्लेअर पडला होता. दुकानदाराने लावला, तेव्हा रुपरावांनी कान पुढे केला नाही; तळहात पेटीवर ठेवला. बराच वेळ ठेवला. "हा घेऊ," ते म्हणाले.

कोजागिरीला दिवेलागणीला पाहुणे आले. पेटी मधे ठेवली आणि सगळे तिच्याकडे तोंड करून बसले. रुपराव पेटीला टेकून, हात तिच्यावर ठेवून, कांताबाईंकडे तोंड करून बसले.

"म्हण ना वं संगं," ते म्हणाले.

जेठासमोर गायचं म्हणून कांताबाई लाजल्या. पण तबकडी फिरली आणि त्यांनी ओठ हलवायला सुरुवात केली. रुपरावांची नजर त्यांच्या तोंडावरून हलली नाही. पाय मांडीखाली स्थिर होते.

गाणं संपलं. भावाने मान डोलावली, गोपिकावहिनींनी कांताबाईंच्या पाठीवरून हात फिरवला. कांताबाई मात्र थांबल्या नव्हत्या. तबकडीत नसलेलं एक कडवं त्या नवऱ्याकडे पाहत म्हणत होत्या, अगदी बिनआवाजाचं. आमच्यापैकी कोणालाच ते ऐकू आलं नाही. रुपराव खदखदून हसले.

"काहून हसून राहिले भाऊजी?" गोपिकावहिनींनी बाजूने विचारलं.

रुपराव वहिनींकडे पाहत नव्हते, त्यामुळे त्यांना ते ऐकू आलं नाही.