सगळ्यांचं डोकं तीन दुखतं

माझी आत्या चिडकी आहे असं घरात सगळे म्हणतात. काका तर म्हणतात, तिच्याशी लग्न झाल्यापासून त्यांना हवामानाचा अंदाज ऐकावा लागत नाही, दार उघडण्याच्या आवाजावरून कळतं. पण ती चिडते ती एकाच प्रकारच्या माणसांवर. दुखत असताना "काही नाही" म्हणणाऱ्यांवर. आणि नशिबाने तिला काम मिळालं तेही नेमक्या अशाच माणसांचं.

आधी ती वॉर्डात नर्स होती. गुडघे बोलायला लागले तेव्हा हॉस्पिटलने तिला संशोधनाच्या खोलीत बसवलं. तोफा डागणाऱ्या, स्फोटकं हाताळणाऱ्या सैनिकांची डोकी वर्षानुवर्षं का दुखत राहतात, यावर तिथे अभ्यास चालतो. बाहेरून डोक्याला ओरखडा नसतो. पण स्फोटाचा हवेतला धक्का आतल्या मेंदूला हलवून जातो, आणि पुढे कधीतरी साधा उजेडही सुईसारखा टोचायला लागतो. खोली एक्स-रे विभागाच्या मागे आहे. आत्याने तिथली ट्यूबलाइट काढून टाकली, खिडकीला खाकी कागद चिकटवला, खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या बसवल्या. पंखा कट् कट् करायचा म्हणून तो बंदच असतो. त्या अंधाऱ्या, उकडणाऱ्या खोलीत बसून ती प्रत्येकाला विचारते, आज डोकं किती दुखतंय? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. पाचच्या वर कोणी गेला की त्याला त्याच दिवशी आत मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवायचं. पाच किंवा खाली असेल तर आकडा लिहून घरी सोडायचं. आकडा मात्र माणसाने स्वतःच सांगायला हवा. आत्याने आपल्या मनाचा घालायचा नाही.

"मला डोळ्यांनी दिसतंय गं," ती एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली. देठं अशी तोडत होती की मला त्या भाजीचीच दया आली. "तो ड्रायव्हर आत येताना भिंतीला हात लावत येतो. बोललं की ओठ पांढरे पडतात. आणि मी विचारलं की म्हणतो, तीन. मी काय लिहू? तीन!"

हा ड्रायव्हर म्हणजे तोफखान्यातल्या सहा जणांच्या एका टोळीतला. गाडी तोच चालवायचा. पोरगेला नव्हे, बायकोमुलं असलेला, खांद्याने रुंद, बोलायला लाजणारा माणूस. त्यांच्यात सगळ्यात वरचा तो वस्ताद. खरा हुद्दा काहीतरी वेगळा होता, पण त्यानेच सगळ्यांना तोफेशी उभं राहायला शिकवलेलं, म्हणून वस्ताद. आत्या त्याला सगळ्यांत आधी बोलवायची, कारण तो वयाने मोठा. तो आत येऊन ताठ बसायचा आणि बाहेरच्यांनाही ऐकू जाईल असं सांगायचा, "तीन." मग दुसरा यायचा, "तीन." तिसरा थोडा विचार केल्यासारखं करून म्हणायचा, "दोन." ड्रायव्हर शेवटी. "तीन, सिस्टर."

डॉक्टरीणबाई खूश होत्या. कसा एकसारखा गट आहे, म्हणाल्या. आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"एकसारखा? अहो, सहा माणसांना एकाच ताटात जेवायला वाढलं तरी सहा जण सहा तऱ्हेने जेवतात! हे गाडीतून येतानाच ठरवून येतात."

ठरवून येत नव्हते. ते आत्याला नंतर उमगलं, आणि तेव्हा ती जास्तच वैतागली. कोणी काही ठरवत नव्हतं. त्यांच्यात वस्तादापेक्षा जास्त दुखणं कोणाला शोभत नव्हतं, इतकंच. वस्ताद तीनवर उभा असेल तर त्याच्या हाताखालच्याने चार कसं म्हणायचं?

तिने युक्ती केली. पुढच्या खेपेला ड्रायव्हरला सगळ्यांत आधी बोलवलं. तो खुर्चीच्या कडेवर टेकला, टोपी मांडीवर फिरवत राहिला.

"बोल ना रे बाबा. किती?"

"वस्ताद आले की सांगतो, सिस्टर."

"वस्ताद तुझं डोकं डब्यात घालून घेऊन येणार आहेत का?"

तो खरंच हसला. हसताना डोळे घट्ट मिटले, आणि ते मिटलेलेच राहिले जरा वेळ. आत्याने श्वास रोखून पेन उचललं. "तीन," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी काकांनी दाढेला हात लावून "काही नाही, जरा ठणकतंय" म्हटलं आणि उगाच बोलणी खाल्ली. "तुम्हीही त्यांच्यातलेच!" आत्या ओरडली. काका मला हळूच म्हणाले, "मी तर कधी तोफ पाहिलीपण नाही."

पुढच्या खेपेला मी तिथेच होते. कॉलेजला सुट्टी होती, आणि खिडकीचा उसवलेला कागद पुन्हा चिकटवायला आत्याने मला नेलं होतं. बाहेर धाडकन आवाज आला. टोळीची गाडी हॉस्पिटलच्या फाटकाच्या खांबाला घासून उभी होती. उजवा आरसा लोंबकळत होता. सहाही जण काही झालंच नाही अशा चेहऱ्याने उतरले आणि खोलीबाहेरच्या बाकावर ओळीने बसले. ड्रायव्हरच्या कपाळावर घाम होता.

आत्या बाहेर आली. तिने कोणालाच आत बोलावलं नाही. थेट वस्तादासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वस्ताद, किती?"

"तीन."

"मग काळा चष्मा का घातलाय? इथे तर उन्हाची तिरीपही नाही."

"सवय आहे."

"आणि मघाशी बाक करकरला तेव्हा दात का आवळलेत?"

वस्तादाने चष्मा नाकावर घट्ट बसवला. बाकावरचे पाच जण समोरच्या भिंतीकडे बघत होते, जणू तिथे काही लिहिलेलं होतं.

"अहो, मी हात टेकले तुमच्यापुढे," आत्या म्हणाली. आता तिचा आवाज चढला नव्हता, दमला होता. "तुमच्या त्या तिनाच्या खाली हा माणूस चिरडतोय. तुम्ही वर सरकल्याशिवाय तो बोलणार नाही. मला त्याला आत पाठवायचंय, आणि मला त्याचा आकडा बनवता येत नाही."

"सिस्टर, तोफेपाशी मी हललो तर मागचे हलतात."

"इथे तोफ नाही. इथे माझा बाक आहे, तोही डुगडुगतो."

वस्तादाने चष्मा काढला. त्याचे डोळे लाल होते, कडा सुजलेल्या. चष्म्याची घडी करून त्याने तो खिशात ठेवला.

"आठ," तो म्हणाला.

बाकावर काहीतरी सैल झालं. मग शेजारचा म्हणाला, "सात." त्याच्या पलीकडचा, "सात." पुढचा खाकरून, "साडेसात." पाचवाही सात.

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! आता सगळ्यांना सात? मागच्या आठवड्यात तीन होतं ना? मी आता यातलं कुठलं खरं धरू?"

शेवटी बसलेला ड्रायव्हर टोपी फिरवत होता. मग त्याने ती फिरवायची थांबवली.

"नऊ," तो म्हणाला.

पाचही माना वळल्या. ड्रायव्हरने वस्तादाकडे असं बघितलं, जणू चुकून त्याच्या पायावर पाय पडलाय. पण शब्द परत घेतला नाही.

"कधीपासून?" वस्तादाने विचारलं.

"बरेच दिवस झाले. उजवीकडचं दोन दोन दिसतं, साहेब."

"आणि गाडी?"

"अंदाजाने."

"अंदाजाने?" मधला एक जण किंचाळलाच. "अरे, आम्ही मागे बसलो होतो!"

"तुम्ही गाणं म्हणत होतात," ड्रायव्हर म्हणाला. "मी कसं सांगू?"

वस्तादाने हात पुढे केला. ड्रायव्हरने खिशातून गाडीची किल्ली काढून त्यावर ठेवली. तेव्हा त्याचा चेहरा पडला. गाडी हीच त्याची कामगिरी होती, आणि ती जाणार या भीतीनेही तो इतके दिवस तीनवर बसला होता, हे न सांगता कळलं.

"नऊ लिहा, सिस्टर," वस्ताद म्हणाला.

"लिहिलं कधीच," आत्या म्हणाली. "त्याचं एकट्याचं. तुमच्या आकड्याच्या वर जाऊन कोणी उगाच बोलणार नाही, एवढं मला कळतं. बाकीच्यांनी पाचच्या वर म्हटलंय, तर आज आत दाखवूनच जायचं, पण खरा आकडा सांगायला उद्या परत यायचं. एकेकटं. वेगवेगळ्या बसने. आणि वस्ताद, तुम्ही सगळ्यांत शेवटी."

डॉक्टरीणबाईंनी ड्रायव्हरला तपासलं, डोक्याचा स्कॅन करवला, औषध सुरू केलं आणि गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. भरती करायचंच ठरलं. वॉर्डात खाट रिकामी होईपर्यंत त्याला आत्याच्या अंधाऱ्या खोलीत आडवं केलं. मी कागदाच्या कडा दाबत होते, तेव्हा तो डोळ्यांवर हात घेऊन हळूच म्हणाला,

"सिस्टर, मी जास्त तर नाही ना सांगितलं?"

"गप्प पड," आत्या म्हणाली. तिने खुर्ची उचलून, आवाज न करता, त्याच्या उशाशी ठेवली आणि तिथेच बसली.