गुंजनची गूळतुला

माझ्या पोरीनं मले तीन वर्षं देवाच्या नावानं फसवलं. पहिले हे सांगते, कारण मोहल्ल्यात आता सारे मलेच बोल लावून राहिले. लावा. पण सुरुवात कोणी केली, तेही ऐका.

मी वंदना भोयर. माहेर कुहीकडचं, धानाच्या गावातलं. लग्न होऊन नागपूरले आली अन् इथलीच झाली. घरून पुडाच्या वड्यांच्या ऑर्डरी घेते. वड्यांत भरायचा सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडण्यात अन् कढईसमोर पंचवीस वर्षं गेली. नवरा मार्तंड, शाळेत शिपाई होते, आता रिटायर. बोलणं कमी, पेपर वाचणं जास्त. एकुलती एक पोरगी गुंजन, इथल्या सदर भागात चष्म्याच्या दुकानात कामाले आहे. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवली की एका नजरेत सांगते, ही नको, ती घ्या. लहानपणापासून अशीच नीटनेटकी. वहीचं एक पान खराब झालं तं सारी वही पुन्हा लिहून काढे. मले भल्ला अभिमान होता तिचा.

वीस वर्षांची झाली तेव्हा तिनं सोळा सोमवार धरले. मंग गुरुवार. मंग शनिवार. दोन्ही चतुर्थ्या, एकादश्या, अन् नवरात्र तं नुसत्या पाण्यावर. मी साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरे, "आजकालच्या पोट्ट्या पिझ्झा खाऊन राहिल्या, माझी पाहा!" शेजारच्या इंदूबाई आपल्या पोरीले म्हणत, "गुंजनचे पाय धुऊन पाणी पी वं जरा." मी साबुदाण्याची उसळ करून तिच्या डब्यात देत होती, अन् डबा संध्याकाळी रिकामा येत होता. आईले आणखी काय पाहिजे?

एप्रिलमध्ये बाहेर पंचेचाळीस डिग्री, अन् ही स्वेटर घालून म्हणे कूलर बंद कर. कंगव्यात केसांचा पुंजका निघे. मार्तंड एकदा म्हणाले, "पोरगी वाळून राहिली वं." मी त्यांच्यावरच उखडली. म्हटलं, तप करणाऱ्या माणसाचं अंग असंच असते, तुम्हाले काय समजते त्यातलं. वेडी, बयताडच होती मी.

एका दुपारी दुकानाच्या मालकाचा फोन आला की गुंजन काउंटरमागे पडली. दवाखान्यात पोहोचलो तं हाताले सलाईन लावलेलं. डॉक्टर म्हणे, हृदयाचे ठोके मंद पडले, रक्तातले क्षार उतरले, वजन धोक्याच्याही खाली गेलं. तो आकडा मी इथं सांगत नाही. तेवढं शिकली मी, उशिरा का होईना.

दुसऱ्या दिवशी सोनिका मॅडम आल्या, समुपदेशक. माझ्या पोरीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी खुर्ची ओढली अन् विचारलं, "घरी जेवणाचं कसं असतं?" मी मोठ्या तोऱ्यात साऱ्या उपासांची यादी म्हणून दाखवली. गुंजन भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "आई, बंद कर. त्यातला एकही उपास देवाचा नव्हता."

"मंग कोणाचा होता?"

"माझा. मले जेवायचं नव्हतं. उपास म्हटलं की तू विचारत नव्हती."

"अन् उसळ?"

"दुकानामागच्या कचऱ्यात."

मंग तिनं त्याहून मोठं सांगतलं. तिची पाळी नऊ महिन्यांपासून बंद होती. तरी दर महिन्याले चार दिवस ती देवघरापासून दूर बसे, चटई वेगळी घेई, मले म्हणे, "आई, आज दिवा तूच लाव." मी लावत होती! नऊ महिने मी त्या खोट्याचा दिवा लावला.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "कोणत्या तोंडानं आरती म्हणत होती वं तू? मले फसवलं ते फसवलं, देवालेही सोडलं नाही?" सारा वॉर्ड पाहत होता. मार्तंड म्हणाले, "वंदना, चूप." अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

सोनिका मॅडम मले बाहेर घेऊन गेल्या. "ताई, राग येणारच. पण हे नखरे नाहीत, आजार आहे. ती मुद्दाम तुमच्याशी वाईट वागत नव्हती. आजाराला लपायला जागा लागते, तुमच्या घरात त्याला उपासाची सापडली."

"माझं काय चुकलं ते सांगा. कोणी काही बोललं का तिले? कोणत्या पोट्ट्यानं?"

"कारण एक नसतं. शोधू आपण हळूहळू. आधी तिला खायला शिकवायचं आहे, जसं पडलेल्याला चालायला शिकवतात."

त्यांनी नियम सांगतले. दिवसातून तीनदा जेवण, मधात दोनदा खाणं. मी सोबत बसायचं. ताटावर एक शब्द नाही, "खाल्लं वाटते!" असा आनंदही नाही. वजन नर्स घेईन, तेही तिले काट्यावर पाठमोरी उभी करून. आकडा तिच्या कानावर पडायले नको. मी गुंजनच्या हातावर हात ठेवला अन् शब्द दिला, "नर्सशिवाय तुझं वजन कोणी काढणार नाही, कोणी बोलणार नाही. मी आहे ना." तिनं माझा हात घट्ट धरला. दोन वर्षांत तिनं मले हात लावला नव्हता.

पण त्याच सकाळी मी आणखी एकीले शब्द देऊन बसली होती. माहेरच्या देवीले बोलली होती, पोरगी वाचव, तिले गुळानं तोलीन. आमच्या गावात लेकरू मोठ्या दुखण्यातून उठलं की त्याले एका पारड्यात बसवतात, दुसऱ्यात गूळ टाकतात, अन् तो गूळ गावाले वाटतात. मी लहानपणी तापातून उठली तेव्हा मलेही तोललं होतं. त्यात वजन असते, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. मले ते देवीचं देणं वाटे.

पाच महिने आम्ही तिघांनी काय काढले, ते आमचं आम्हाले ठाऊक. अर्ध्या पोळीले पाऊण तास लागे. एकदा वरणाची वाटी भिंतीवर गेली. एकदा ती मले म्हणाली, "तू मले मारून राहिली खाऊ घालून." मी जागची हलली नाही. दर बुधवारी ती सोनिका मॅडमकडे जाई अन् डोळे सुजवून येई. एका बुधवारी येऊन माझ्याजवळ बसली अन् म्हणाली, "आई, उपास असला की डोकं शांत राहे. आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटे. अन् वरून लोकं पाया पडत. मंग मी कशी सोडू, सांग ना." पाया पडायले लोकं मीच तं आणत होती.

मंग एक दिवस मी वड्या तळत असताना ती आली, एक गरम वडी उचलली, फुंकून फुंकून खाल्ली. मी कढईतच पाहत राहिली. पदरानं डोळे पुसले, पण तोंड उघडलं नाही. पुढच्या महिन्यात पाळी आली. तिनं स्वतः येऊन सांगतलं, लाजून हसत. तिचं हसू पाहिलं अन् मले नवस आठवला. देवीचं देणं अंगावर ठेवलं अन् पोरगी पुन्हा पडली तं?

सोनिका मॅडमले विचारावं, असं एकदा मनात आलं. विचारलं नाही. त्या नाही म्हणतील, हे मले पक्कं ठाऊक होतं.

गावाले भावाले फोन केला, नत्थूजीले. गुंजनले म्हटलं, मामाकडे नव्या तांदळाचं जेवण आहे, दोन तासांत परत येऊ. ती तयारच झाली. मले म्हणे, "मी मामीच्या हातची खीर खाऊन पाहीन." नवा दुपट्टा काढला तिनं.

देवळासमोरच्या कडुलिंबाले धान तोलायचा मोठा काटा टांगलेला. हारांनी सजवलेला. डफडं वाजून राहिलं होतं, पन्नास-साठ माणसं जमलेली. गुंजन गाडीतून उतरली अन् थांबली. "आई, हे काय आहे?"

"नवस आहे, बेटा. पाचच मिनिटं बस."

"आई, तू शब्द दिला होता."

"हे वजन नाही वं, हे देवीचं आहे. लोकं पाहून राहिले, चल."

ती बसली. साठ माणसांसमोर नाही म्हणणारी ती पोरगीच नाही. नत्थूजी गुळाच्या भेल्या टाकत होते अन् दर भेलीले आवाज देत होते. "टाका, टाका, आणखी एक! पोट्टी भरली आता!" बाया हसत होत्या, मायेनंच हसत होत्या. मार्तंड माझ्या कानाशी म्हणाले, "उतरव तिले." मी डोळे वटारले. शेवटी काटा सरळ झाला अन् नत्थूजींनी आकडा साऱ्या गावाले ऐकू जाईन असा ओरडून सांगतला. टाळ्या झाल्या. मीही टाळ्या वाजवल्या. गुंजन त्या पारड्यातून फक्त माझ्याकडे पाहत होती.

तिनं मामीची खीर खाल्ली नाही. गुळाचा खडा मुठीत धरून नागपूरपर्यंत बसली, उतरताना तो घामानं हाताले चिकटला होता.

दुसऱ्या दिवशी ताट तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशीही. तीन आठवड्यांत पाच महिन्यांचं पाणी झालं. सोनिका मॅडमनं आम्हा दोघींले समोरासमोर बसवलं. मी आधीच सांगून टाकलं, "माझं चुकलं असन. पण माझा हेतू पाहा. अन् हिनं तीन वर्षं मले खोटं सांगतलं, त्याचं काही नाही का?"

गुंजन माझ्याकडे वळली. मंग म्हणाली, "मी आजारी होती, आई. तुले कोणता आजार होता?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या गुंजनकडे पाहत होत्या.

"तू देवीले दिलेला शब्द पाळला. मले दिलेला मोडला. अन् मोडायले मले खीर खायले नेते म्हणून सांगतलं."

पुढच्या महिन्यात ती सदरमध्ये कामकरी पोरींच्या होस्टेलात राहायले गेली. पुन्हा दवाखाना, पुन्हा बुधवार, साऱ्या गोष्टी पहिल्यापासून, पण माझ्याशिवाय. मी सोनिका मॅडमले फोन करू करू विचारलं, कशी आहे, खाते का. त्या म्हणत, "तिच्या परवानगीशिवाय मी काही सांगू शकत नाही, ताई." माझी पोरगी, अन् परकी बाई मले परवानगी सांगते! रडली मी, शिव्याही दिल्या. इंदूबाई रस्त्यात विचारत, "घालवली का वं पोरगी घरातून?" नत्थूजी फोनवर म्हणाले, "आम्ही तं तुझ्या सांगण्यावरून केलं." सारे हात वर करून मोकळे.

आठ महिन्यांनी गुंजनचा फोन आला. रविवारी जेवायले ये, एकटी ये, काही घेऊन येऊ नको.

आता तिनं एका मैत्रिणीसोबत खोली घेतली होती. मैत्रीण बाहेर गेली होती. गुंजनचा चेहरा भरलेला, केस दाट, हातात पोळपाट-लाटणं. आलूची भाजी, वरण, पोळ्या. आम्ही खाली बसून जेवलो. मी दुकानाचं विचारलं, मालकाचं विचारलं, पंख्याच्या आवाजाबद्दलही बोलली, पण ताटाबद्दल नाही. तिनं भाजी दुसऱ्यांदा घेतली, कोणी वाढल्याशिवाय, स्वतः.

जेवण झाल्यावर तिनं ताटं उचलली नाहीत. माझ्याकडे सरळ पाहून विचारलं, "आई, माझ्या पोळ्या मोजल्या का तू?"

"नाही" हा शब्द जिभेवर आलाच होता. किती सोपा होता तो. कोणाले समजणार होतं?

"हव," मी म्हटलं. "अडीच."

तिनं माझं ताट आपल्या ताटावर ठेवलं. मंग म्हणाली, "यावेळी खरं तं बोलली."

"घरी चल ना, बेटा."

"नाही, आई." तिनं ताटं उचलली अन् मोरीकडे गेली. "तुझ्यासमोर जेवायले मी आत्ताच लागली. तुझ्यावर भरोसा ठेवायले अजून नाही."