खुशालने जुंपलेला रोही

वलगावचा खुशाल बंडीवाला जाऊन बरीच वर्षं झाली. कष्टात त्याच्या तोडीचा माणूस मी पाहिला नाही. मी स्वतः अमरावतीच्या बाजारात तीस वर्षं कापूस वाहिला, तेव्हा हे उगाच म्हणत नाही.

अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि विलायतेला आपला कापूस पुरत नव्हता. एका सकाळी मी खुशालच्या बंडीवर होतो. वाटेकडच्या कपाशीच्या पऱ्हाटीत रोह्याचं, म्हणजे नीलगायीचं, पिल्लू बसलेलं दिसलं.

"माय सोडून गेली वाटते याले," खुशाल म्हणाला. त्याने ते उचललं. मी कापसात जागा केली.

त्याच्या बायकोने, सत्यभामेने, त्याला गाईच्या दुधावर वाढवलं. दोन वर्षांत ते घोड्याएवढं झालं. बंडीमागे बाजारापर्यंत यायचं.

मग खुशालचा एक बैल मेला. त्या हंगामात दुसरा बैल मिळेना.

"रोही कावून नाई जुंपायचा?" तो म्हणाला.

"खुशालभाऊ, त्याले वशिंड कुठी हाय? जू टेकन कायच्यावर?"

"तू एवढं ओझं उचलतं, तुले वशिंड हाय का? सवयीनं होते."

"उद्या मलेबी जुंपसान," सत्यभामा आतून म्हणाली.

"तुले जुंपलं त बंडी माहेराकडंच जाईन!"

मी हसलो. वेसण घालताना रोह्याचे पाय मीच दाबून धरले.

रोह्याची पाठ मागे उतरती. जू घसरून गळ्याशी यायचं. खुशालने जू तासलं, गोणपाटाच्या घड्या लावल्या. तीन महिने रोज पहाटे रिकामी बंडी ओढायला लावली. मेहनतीत कसर नव्हती. रोह्याच्या मानेची साल निघाली. एक दिवस तो जुवाखाली बसला. शेपूट पिरगाळलं तरी उठला नाही, नुसता खुशालकडे बघत राहिला. खुशालने हातातली काठी टाकली आणि वेसण कापली.

त्याला पोहऱ्याच्या रानात सोडलं. संध्याकाळी तो दारात हजर. पुन्हा सोडलं, पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला नाही. आम्हाला बरं वाटलं.

चार दिवसांनी पोहऱ्याकडचा एक राखणदार बाजारात सांगत होता, "रोही मारला. रानचं जनावर मानसाले पाहून पळते. हा सरळ माह्याकडं आला. मले वाटलं पिसाळला. कुऱ्हाड घातली."

"नाकाले भोक होतं?" खुशालने विचारलं.

"होतं."

खुशाल बंडीवर जाऊन बसला. उसने आणलेले बैल त्याने बराच वेळ हाकलेच नाहीत.

पुढच्या हंगामात तशाच पऱ्हाटीत तसंच पिल्लू दिसलं. पिल्लाजवळून कुणी जाऊ नये म्हणून खुशालने बंडी मागे घेऊन वाटेत आडवी लावली. मागे सात बंड्या अडकल्या.

"अबे, बाजार उठून जाईन! पिल्लाचं बारसं करतं का?" मागचा एक बंडीवाला ओरडला.

तो हलला नाही. ऊन माथ्यावर यायच्या आत तुरीतून पिल्लाची आई आली. तिने पिल्लाला चाटलं आणि घेऊन गेली.

जवळच होती. पहिल्या वेळी आम्ही बैलांना पाणी पाजण्याइतकंही थांबलो नव्हतो.