हौदातल्या वऱ्हाडाची शूटिंग

आर्णीत सरदारचाचांना कोणीही विचारावं, "चाचा, धंदा कसा काय?" चाचा आधी पानाची पिंक टाकतात, मग छातीवर हात ठेवतात आणि भरल्या आवाजात सांगतात, "भौ, आजपर्यंत एकही मानूस कापला नाही." नवीन माणूस हे ऐकून जरा मागे सरकतो. जुने लोक चहा पीत बसून राहतात. चाचा लग्नाची शूटिंग करतात हे त्यांना ठाऊक असतं.

कापणं म्हणजे मिक्सिंगमध्ये, फिल्म जोडताना कापणं. चाचा एकदाच चुकले. तांड्यावरच्या लग्नात नवरीचे मामा, प्रेमसिंग, आहेर देताना जोरात शिंकले. चाचांनी तेवढा आहेर कापला. कॅसेट घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी मामा जीपभर माणसं घेऊन दुकानात हजर. "काहून सरदारभौ? मी का लग्नात नव्हतो?" मांडव उतरला होता, नवरी सासरी गेलती. शेवटी दुकानाच्या भिंतीपुढे मामांना फेटा बांधून उभं केलं, नवरीच्या जागी चाची घुंगट घेऊन बसल्या, आणि आहेर पुन्हा झाला. मामा पुन्हा शिंकले. ते ठेवलं.

तेव्हापासून चाचांच्या फिल्ममध्ये सगळे असतात. जेवणाऱ्यांची पूर्ण पंगत, बुंदी वाढणारा, मांडवात शिरलेली बकरीसुद्धा. फिल्म लग्नापेक्षा लांब होते, पण भांडण होत नाही.

आणि अशा माणसाच्या पोरीला तीन मिनिटांची फिल्म करायची होती.

गझाला आपा बी.एस्सी.ला आहे. कॉलेजात विज्ञान दिनाला फिल्म दाखवायची होती: मायक्रोस्कोपमधून टिपलेले पाण्यातले जीव, तीन मिनिटांच्या वर गेली की बाद, आणि जिची फिल्म निवडली जाईल ती नागपूरच्या प्रदर्शनाला जाणार. आपाला नागपूरला जायचंच होतं. खालाकडून, म्हणजे मावशीकडून, चाकाची बॅग आधीच आणून तिनं पलंगाखाली ठेवली होती. पण मिक्सिंगचा कॉम्प्युटर एकच, दुकानातला, आणि त्याच्यापुढची खुर्ची चाचांची. चाचा घरात हिंदी बोलतात, दुकानात वऱ्हाडी, आणि हा कॉम्प्युटर अडकला की दोन्ही.

पाणी आणलं प्रेमसिंगमामांच्या गुरांच्या हौदातलं, हिरवंगार. मामांनी बाटली भरून देताना बजावलं, "माह्या हौदातले हायेत बरं का. एकबी कापला तं पुन्हा जीप भरून येतो."

कॉलेजातून मागून आणलेला मायक्रोस्कोप दुकानात मांडला. त्यावर मोबाईल हलू नये म्हणून चाचांनी जुन्या कॅमेरा-स्टँडची मुंडी तोडून झकास पकड बनवली. इथपर्यंत बापलेकीचं जमलं. मग चाचा म्हणाले, "उजेड कमी हाय," आणि आपा नाही-नाही म्हणेपर्यंत त्यांनी लग्नातला हॅलोजन थेंबावर मारला. थेंब वाळला. सगळे पाहुणे मांडवातच गेले.

"अब्बा!"

"गर्मीचं लगन व्हतं ना, बेटा."

दुसरा थेंब, दुसरी स्लाइड, खालच्या आरशातून मऊ उजेड. आता पडद्यावर हौदातलं वऱ्हाड दिसू लागलं आणि चाचा खुर्चीतून उठलेच. "या या या! बसून घ्या!" ते पडद्याला म्हणाले. कोणी बसलं नाही.

"हे पॅरामिशियम," आपा म्हणाली.

"हा लखन हाय," चाचा म्हणाले.

आणि होता ना! लखन आमच्याकडे दारव्ह्याची काळीपिवळी जीप चालवतो. सुसाट येतो, कशालातरी धडकतो, रिव्हर्स घेतो, जरासा तिरपा होतो आणि पुन्हा तसाच सुसाट. पडद्यावरचा चपलेच्या तळव्यासारखा जीव अगदी हेच करत होता. फक्त मागून शिव्या ऐकू येत नव्हत्या.

"आणि हा अमीबा."

"मोतीबाई."

मोतीबाई जीपमध्ये बसल्या की आधी एक कोपर सरकतं, मग पिशवी, मग थोडा खांदा, आणि शेजाऱ्याला कळायच्या आत सगळी सीट मोतीबाईंची. अमीबानं तसंच एका हिरव्या ठिपक्याला कवेत घेतलं. तो ठिपका पुन्हा दिसला नाही.

पण चाचांचा जीव जडला तो मधोमध बसलेल्या गोल, चकचकीत, काळ्या काठाच्या पाहुण्यावर. तो हलत नव्हता, काही करत नव्हता. बाकीचे सगळे त्याला वळसा घालून जात होते. "हे अध्यक्ष," चाचा हळू आवाजात म्हणाले. सकाळी आपा दुकानात आली तर चाचांनी अध्यक्षांना स्लो-मोशन दिली होती, भोवती गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या होत्या आणि मागे सनई लावली होती.

"अब्बा, वो बुलबुला है! हवेचा बुडबुडा! स्लाइडवर काच ठेवताना माझ्याच हातून राहिला."

चाचांनी पडद्याला नाक लावून पाहिलं. "जीव नाही?"

"नाही!"

"मंग का झालं? जीव नसला म्हून लोक कार्यक्रमाले बोलवत नाहीत का?"

फिल्म अर्ध्या तासाची झाली होती. आपानं डोकं धरलं. "तीन मिनिटं, अब्बा. नाहीतर मी घरी." चाचांनी रात्रभर विचार करून तोड काढली: पडद्याचे नऊ चौकोन केले आणि सगळ्यांना एकदम चालू करून दिलं. फिल्म बसली तीन मिनिटांत, पण पाहणाऱ्याला चक्कर येत होती.

शेवटी खुर्चीत आपा बसली. चाचांच्यानं पाहवेना. ते रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर जाऊन उभे राहिले आणि तिथून ओरडू लागले, "कोन गेलं?"

"शेवाळाचा धागा गेला!"

"अर्रर्र. आता?"

"मोतीबाई अर्ध्या!"

"जेवन तं होऊ दे तिचं!"

मग ते धावतच आत आले. "एक सांगू? अध्यक्ष ठेव. थोडेसेच ठेव. मामाले तोंड दाखवाचं हाय मले."

आपानं पाहिलं. लखन अध्यक्षांना धडकून रिव्हर्स घेत होता, तेवढाच तुकडा होता आणि तो खरंच झकास होता. पाकळ्या काढल्या, सनई बंद केली, तुकडा ठेवला.

विज्ञान दिनाला कॉलेजचा हॉल भरला. मागच्या रांगेत प्रेमसिंगमामा फेटा बांधून बसले, त्यांच्या बाजूला चाचा कॅमेरा घेऊन. फिल्म संपली. मंचावरचे कार्यक्रमाचे अध्यक्ष, पोटावर हात बांधून, नाकातून बोलले, "उत्तम. मला विशेष भावले ते मधोमध विराजमान असलेले. शांत, तेजस्वी, स्थिर. तो कोणता जीव?"

यवतमाळहून आलेल्या परीक्षक मॅडमनी पेन उचललं. आपाचा चेहरा उतरला. बुडबुडा म्हणावं तर स्लाइड चुकल्याचं कबूल. न म्हणावं तर खोटं.

"सर, तो जीव नाही," ती म्हणाली. "तो..."

"साहेब, ते अध्यक्ष हायेत!" मागून चाचांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं.

मंचावरच्या अध्यक्षांचे पोटावरचे हात सुटले. आणि नेमके तेव्हाच प्रेमसिंगमामा शिंकले.

मग जे हसू फुटलं ते थांबेना. मॅडम चष्मा काढून डोळे पुसत होत्या. "तो हवेचा बुडबुडा आहे, माझ्या हातून राहिला," आपानं घाईनं सांगून टाकलं.

"स्लाइड नीट करायला शिका," मॅडम म्हणाल्या. "पण ती धडक पुन्हा लावा बरं." धडक पुन्हा लावली. लखन आला, धडकला, मागे गेला, तिरपा झाला, निघाला. "अडथळा आल्यावर तो काय करतो हे इतकं साफ दुसऱ्या कोणाच्या फिल्ममध्ये नाही," त्या म्हणाल्या आणि गुणांच्या कागदावर पेन टेकवलं.

बॅग पलंगाखालून निघाली.

आपा नागपूरला होती तेव्हा दुकानात फोन वाजला. कार्यक्रमाचे अध्यक्ष. विज्ञान दिनाची शूटिंग चाचांनीच केली होती. "सरदारभाई, माझं भाषण कापलं नाही ना?"

चाचांचा हात आपोआप छातीवर गेला. "सगळं हाय, साहेब. खोकला बी हाय." मग जरा अडखळून म्हणाले, "फक्त गुलाबाच्या पाकळ्या टाकाच्या राह्यल्या. टाकू?"

पलीकडून आधी खोकला आला.

"टाका," अध्यक्ष म्हणाले.