हरभऱ्याची विहीर

कळंबच्या बाजारातून मी एक खेळाचं पुस्तक आणलं होतं. कवड्या टाकायच्या, पडेल तेवढी घरं पुढं जायचं, पान संपलं की पुढचं पान. मी वीस वर्षांचा होतो, दुष्काळामुळं कॉलेज सुटलं होतं. माझी थोरली बहीण, अक्का, लहानपणी देवी येऊन आंधळी झालेली. तिनं पानावरून हात फिरवला.

"सगळं गुळगुळीतच हाय की. मी काय चाचपू, तुझं तोंड?"

म्हणून मी पुठ्ठ्याचं पुस्तक केलं. खळीनं चिकटवलेली सुतळी ही वाट, तिच्यावरची प्रत्येक गाठ हे एक घर. वाट आमच्याच गावातली. पहिल्या पानावर आमचं दार, शेवटच्या पानावर नवी दूध सोसायटी. तिसऱ्या पानावर, जुन्या पायवाटेच्या मधोमध, त्या साली कुणीतरी विहीर खोदायला घेतली होती. तिला कठडा नव्हता, माणसं वळसा घालून जात. तिथल्या गाठीवर मी हरभऱ्याचा दाणा चिकटवला. सोंगटी त्या दाण्यावर पडली की परत घरी.

अक्का कवड्या बोटांनी मोजायची आणि रोज जिंकायची. सोसायटीत दूध मी घालायचो. ती म्हणायची, "एक दिवस मीच नेते बघ. वाट पाठ झालीय मला."

एका संध्याकाळी माझी सोंगटी नेमकी विहिरीवर पडली. अक्का हसली. "चल घरी." मग तिचं बोट त्या गाठीवर थांबलं. दाणा नव्हता. उंदरानं खळीसकट खाल्ला होता.

"विहीर कुठं गेली रं?"

"बुजवली ती. पाणी लागलं न्हाय म्हणून."

सोंगटी परत घरी न्यावी लागू नये, तेवढ्यासाठी मी खोटं बोललो. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरचं पाणी घेऊन आलो, तर खुंटीवर दुधाची किटली नव्हती आणि कोपऱ्यात अक्काची काठी नव्हती. घागर तिथंच टाकून मी पळत सुटलो.

ती विहिरीच्या काठावर, खोदून टाकलेल्या मुरमावर उभी होती. काठीचं टोक पोकळीवर होतं. हाक मारावी तर दचकून तिचा पाय निसटेल, न मारावी तर ती पाऊल टाकेल. पायाखालचा मुरूम घसरत आत पडल्याचा बारीक आवाज मला ऐकू येत होता.

"आलास व्हय?" ती न वळता म्हणाली. "चपला वळखल्या मी. हात दे आधी."

मी तिला मागं ओढलं.

"बुजवली म्हणालास. मग एवढा मुरूम बाहेर कसा? म्हणून खडा टाकून बघितला. लई उशिरा वाजला. कुणी सांगितलं तुला बुजवली म्हणून?"

"लोक म्हणत होते," मी म्हणालो. हे दुसरं खोटं.

घरी आल्यावर तिनं त्या गाठीवर माझ्याकडून खडा चिकटवून घेतला. "हा उंदराला खाता येत न्हाय," एवढंच बोलली.

त्यानंतरही आम्ही खेळलो. पण प्रत्येक गाठीवर ती विचारायची, "हितं असंच हाय ना?" मी हो म्हणायचो. खरं काय ते तिला कळलं होतं का, हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही. ती "बरं" म्हणायची. सकाळी किटली घेऊन निघताना मात्र ओच्यात चार खडे बांधून घ्यायची.