गादीची मागची कड

आम्ही लिगामेंट काढून टाकलं आणि काहीच झालं नाही.

स्क्रीनवरचा गुडघा होता तसाच निळा-हिरवा राहिला. मी रन, म्हणजे कॉम्प्युटरवरचं ते गणित, पुन्हा लावला. पुन्हा तेच. माझ्या खुर्चीमागे आमचे टीमप्रमुख जोगळेकर सर उभे होते. ते म्हणाले, "सोनवणे, म्हणजे हे लिगामेंट माणसाला शोभेसाठी दिलेलं आहे तर."

आमचं काम स्ट्रेस अ‍ॅनालिसिसचं. एखादी वस्तू कॉम्प्युटरवर उभी करायची, तिचे बारीक बारीक तुकडे पाडायचे आणि जोर दिला की कुठल्या तुकड्यावर किती ताण येतो ते काढायचं. कमी ताण म्हणजे निळा रंग, जास्त म्हणजे लाल. पुण्यात तेव्हा परदेशी गाड्यांच्या कंपन्यांकडून असं काम भरपूर यायचं. हिंजवडीच्या रस्त्याला अजून ऊस दिसायचा आणि मधेच आमची काचेची बिल्डिंग. मी मेकॅनिकल इंजिनिअर. तोवर मी फक्त गाड्यांचे ब्रॅकेट आणि सस्पेन्शनचे पार्ट तपासले होते.

मग एका परदेशी कंपनीने गुडघ्याचं काम पाठवलं. गुडघ्याला लावायचे पट्टे आणि आत बसवायचे भाग बनवणारी कंपनी होती. आधी एक पायलट, म्हणजे नमुन्याचं काम, करून दाखवा, जमलं तर पुढचं सगळं तुम्हाला, असं ठरलं. सरांनी वरच्या लोकांशी भांडून ते घेतलं होतं. जमलं असतं तर आमची वेगळी मेडिकल टीम होणार होती. नाही जमलं तर मी परत ब्रॅकेटवर. मला परत जायचं नव्हतं. गुडघ्यासारखं सुंदर मशीन मी तोवर पाहिलं नव्हतं.

वर मांडीचं हाड, खाली नडगीचं हाड. दोन्हींच्या मधे चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. यांना मेनिस्कस म्हणतात. वरच्या गोल हाडाचं वजन खालच्या सपाट हाडावर नीट पसरवणं हे त्यांचं काम. बाहेरची गादी थोडी सैल असते, हाडाबरोबर सरकते. आतली कडेने घट्ट शिवल्यासारखी असते. आणि सांध्याच्या मधोमध एक तिरका दोर असतो, एसीएल नावाचं लिगामेंट. ते नडगीला पुढे घसरू देत नाही.

क्लायंटचा प्रश्न साधा होता. एसीएल तुटलं तर गाद्यांवरचा ताण कसा बदलतो? आमचं उत्तर येत होतं, बदलत नाही.

हे चूक आहे एवढं आम्हालाही कळत होतं. टीममधल्या एकाने सुचवलं की गादीचं मटेरियल थोडं मऊ करून बघू, लाल येईल. सर म्हणाले, "रंगच हवा असेल तर रंगपेटी आणू. स्वस्त पडेल." विषय तिथे संपला. सोमवारी क्लायंटशी कॉल होता.

शनिवारी सकाळी मला ताईला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. ताई माझी थोरली बहीण, बिबवेवाडीतल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. कॉलेजात असताना ती खो-खो उत्तम खेळायची. आदल्या वर्षी मुलींना खांबावर वळायचं कसं हे दाखवताना तिचा पाय जागेवर राहिला आणि गुडघा फिरला. सूज उतरली, ती नी-कॅप लावून पुन्हा मैदानात उभी राहिली. पण जिना उतरताना गुडघा दगा द्यायला लागला होता, आणि अलीकडे आतल्या बाजूला दुखायचं. डॉक्टरांनी एसीएल गेल्याचं आधीच सांगितलं होतं. ऑपरेशनचं नाव काढलं की ती म्हणायची, स्पर्धा होऊ दे, मग बघू. त्या वर्षी तिच्या मुली पहिल्यांदा विभागीय स्पर्धेला जाणार होत्या.

स्वारगेटजवळचा तो दवाखाना लहान होता. डॉक्टर मोजकं बोलणारे. त्यांनी ताईला सरळ उभं केलं, एका पायावर भार द्यायला लावला. काही झालं नाही. ताईने माझ्याकडे बघितलं, बघ, मी ठीक आहे, अशा नजरेने.

मग त्यांनी तिला झोपवलं, गुडघा काटकोनात वाकवला आणि पाऊल हलू नये म्हणून ते स्वतः तिच्या पावलाच्या कडेवर बसले. दोन्ही हातांनी नडगी मागून धरली आणि पुढे ओढली. आधी चांगला पाय. हाड जरा हललं आणि थांबलं. मग दुखरा. हाड टेबलाच्या खणासारखं पुढे आलं.

मी खुर्चीतून उठले.

"डॉक्टर, उभी होती तेव्हा हे का दिसलं नाही?"

"कारण तेव्हा वजन सरळ खाली होतं. पुढे ओढणारं कोणी नव्हतं."

"मग पुढे कधी येतं?"

"जिना उतरताना. पळता पळता एकदम थांबताना. वळताना. यांच्या खो-खोत दर मिनिटाला."

मी विचारलं, दोर तर नाही, मग हाड शेवटी थांबतं कशाने? त्यांनी दोन मुठी एकमेकींवर ठेवून दाखवलं. नडगी पुढे जाते म्हणजे वरचं गोल हाड तिच्यावरून मागे जातं, आणि आतल्या गादीच्या मागच्या कडेवर चढतं. ती कड घट्ट बसवलेली, तिला सरकता येत नाही. चढावर उभ्या केलेल्या ट्रकच्या चाकामागे दगड लावतात, तशी ती तिथे अडकून राहते.

"दगडाने एकदा ट्रक थोपवला तर ठीक," ते म्हणाले. "रोज शंभरदा थोपवायला लागला तर तो झिजणार. मग फाटणार."

ताई छताकडे बघत होती. डॉक्टरांनी तिला एमआरआय काढायला सांगितलं. मी तिला रिक्षात बसवून दिलं आणि स्कूटर थेट ऑफिसकडे वळवली. रस्ताभर मला हसू येत होतं. माझ्या गुडघ्यावर मी फक्त वरून वजन टाकत होते. आणि मला माहीत होतं की याहून मोठी गोम अजून आत असणार.

ती होतीच. ब्रॅकेट तपासताना आम्ही बोल्टची भोकं पक्की बांधून टाकतो, म्हणजे ती कुठेच हलणार नाहीत असं कॉम्प्युटरला सांगतो. त्याच सवयीने टीमने नडगीसुद्धा सगळ्या बाजूंनी बांधली होती. जे हाड पुढे सरकूच शकत नाही त्याचा दोर काढला काय, ठेवला काय. आम्ही तपासत होतो तो गुडघा नव्हताच, बाकावर आवळलेला पार्ट होता.

मी नडगी पुढे-मागे मोकळी केली, वजनाबरोबर पुढची ओढ दिली आणि रन लावला. सॉफ्टवेअर बंद पडलं. हाड मोकळं सुटून भरकटलं होतं. दोन्ही हाडांचा गादीशी जिथे स्पर्श होतो तिथली मांडणी नीट केली, ओढ हळूहळू वाढवली. पुन्हा एरर. जेवणाचा डबा तसाच राहिला. सरांना फोन केला तर ते म्हणाले, शनिवारी दुपारी पुण्यात फोन करणाऱ्या माणसाकडे कारण चांगलं असलं पाहिजे. मी कारण सांगितलं. ते घरून निघाले.

ते आले तेव्हा पहिला रन पूर्ण झाला होता. लिगामेंट जागेवर असताना नडगी जरा पुढे आली, दोर ताणला गेला, गाद्या निळ्या. मग मी दोर काढला. नडगी सरकत सरकत पुढे गेली आणि मधेच अडली. बाहेरची गादी जवळपास निळीच. आतल्या गादीची मागची कड मात्र आधी पिवळी झाली, मग लालभडक.

सरांनी खुर्ची ओढली.

"हे खरं आहे कशावरून?"

मी म्हटलं, आतली गादीही काढून टाकू. तीच अडवत असेल तर हाड आणखी पुढे जाईल. रन लावला आणि आम्ही दोघं त्या जाड मॉनिटरसमोर शाळेतल्या पोरांसारखे बसलो. हाड आणखी पुढे गेलं. चांगलंच पुढे.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "रविवारी पुन्हा सगळं तपासा. मी पोहे आणतो."

सोमवारच्या कॉलवर क्लायंटकडच्या इंजिनिअर बाईंनी चित्रं शांतपणे पाहिली. मग त्यांनी सांगितलं की खऱ्या हाडांवर हा प्रयोग त्यांच्या लॅबमध्ये आधीच झालेला आहे. हेच उत्तर त्यांच्याजवळ होतं, आम्ही तिथवर पोचतो का एवढंच त्यांना बघायचं होतं. आमच्या खोलीत कुणीतरी टेबलावर हात आपटला. मी म्यूट दाबलेलं आहे ना ते आधी बघितलं.

सरांची परवानगी घेऊन त्याच आठवड्यात मी ताईला ऑफिसात आणलं. तिला सगळं क्रमाने दाखवलं. ती स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन बघत होती.

"खांबावर वळताना माझं असं होतं?"

"हा तुझा गुडघा नाही, ताई. पण होतं ते असंच."

"आणि दोर परत घातला तर?"

मी परत घातला. लाल गेलं. तिने त्या निळ्या कडेवर बोट ठेवलं. मग विचारलं, "डॉक्टरांची तारीख कधीची मिळेल?"

एमआरआयमध्ये मागच्या कडेला चीर दिसली होती. डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं तेव्हा ती टाके घालण्याइतपतच होती. आणखी एक मोसम खेळली असती तर गादीचा तो भाग कापून काढावा लागला असता, असं त्यांनी नंतर सांगितलं. गादीला टाके घातले आणि तिच्याच मांडीमागच्या स्नायूच्या कंडरेचा नवा दोर बसवला. स्पर्धेच्या दिवशी ती कुबड्या घेऊन मैदानाबाहेर खुर्चीवर होती. मुली दुसऱ्या फेरीत हरल्या. मी मैदानात असते तरी हरल्याच असत्या, असं तिचं मत होतं. तिने ते मुलींनाही सांगितल्यावर मुली आठवडाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्या जिंकल्या. ताई पळत मैदानात गेली, आणि गुडघा जागेवर राहिला.

आमची मेडिकल टीम झाली. मी आजही त्याच कामात आहे. नवी मुलं विचित्र उत्तर घेऊन येतात आणि आकडे थोडे इकडेतिकडे करू का म्हणून विचारतात. मी त्यांना आधी एवढंच विचारते, तुम्ही काय बांधून ठेवलंय? बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं. उरलेल्या वेळी सॉफ्टवेअर बंद पडतं, आणि त्यावर अजून तरी इलाज सापडलेला नाही.